मुंडगोडचं शिबिर आणि तास भरायला आलेला पोरगा

मी बेळगावात डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचा नंबर काढायचं काम करते. गेल्या हिवाळ्यात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत आमचं शिबिर होतं. 1959 नंतर तिबेट सोडून आलेल्या लोकांना तिथं 1966 मध्ये जागा मिळाली, जंगल तोडून त्यांनी मक्याची शेतं केली, आणि त्यातलीच माणसं आता मोतीबिंदूला आलीत.

मदतीला येणाऱ्यांच्या फॉर्मात 'तुम्हाला का यायचंय' असा एक रकाना होता. काय एकेक उत्तरं ओ! करुणा, माणुसकी, एका ताईंनी तर पानभर लिहिलेलं. एका कॉलेजच्या पोरानं मात्र एवढंच, 'एनएसएसचे तास भरायचे आहेत'. एनएसएस म्हणजे कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजना, वर्षाला 120 तास सेवा लागते त्यांना. आम्ही हसलो होतो त्याला.

आता बाहुली मोठी करायचा ड्रॉप घातला की काही तास जवळचं नीट दिसत नाही, म्हणून वाचायचा नंबर आधी काढायचा, ड्रॉप नंतर, हे सकाळी सगळ्यांना सांगितलेलं. तरी पानभरवाल्या ताईंनी मायेनं लायनीतल्या आमालांना (म्हाताऱ्या बायकांना तिकडं असंच म्हणतात) धडाधड ड्रॉप घालून टाकले, मग फोटो काढले आणि जेवण झाल्यावर हुबळीला पाहुण्यांकडं गेल्या.

एक म्हातारे लामा आले. आमचं वाचायचं कार्ड कन्नड आणि इंग्लिशमधलं, त्यांना दोन्ही येत नाही. मी अक्षरं न येणाऱ्यांसाठीचा ई-चा तक्ता शोधतेय तोवर हे पोरगं हिंदीत विचारतंय, "गुरुजी, आपका पोथी है क्या?" त्यांनी पिशवीतनं कापडात गुंडाळलेली लांबट सुटी पानं काढली. अडीचचा नंबर लावला तसे जे पुटपुटायला लागले ते थांबेचनात, पान उलटलं, परत उलटलं, मागं लायन तुंबली, आणि पोरगं आपलं मोबाईलचा टॉर्च धरून उभं. मी खूण केली तर म्हणतंय, "मॅडम, एवढं पान होऊ दे की."

परतताना वाटेत तडसला चहाला थांबलो तेव्हा त्याला विचारलंच, का आलास रे खरं? "तास ओ मॅडम," म्हणाला, आणि सहीसाठी वही पुढं केली.

आता यादी मी करते. कारण विचारत नाही. हिंदी येते काय आणि पाचपर्यंत थांबणार काय, एवढंच.