आठशे किलो

"कोलकाता-मुंबईला किती वेळ लागतो रे?" असं मेव्हण्याने विचारलं की मी उलट विचारतो, जाताना की येताना? आणि कुठल्या महिन्यात? तो वैतागतो. त्याच्या फोनवर साडेसोळाशे किलोमीटर आणि दोन तास असं सरळ येतं. ते चूकही नाही. फक्त त्यात वारा धरलेला नसतो आणि मुंबईही.

मी फ्लाइट डिस्पॅचर. विमान निघायच्या आधी त्याचा मार्ग, उंची आणि इंधन ठरवून देतो. आमच्याकडे अंतरं दोन, जमिनीवरचं आणि हवेतलं. कोलकाता-मुंबई साधारण ९०० नॉटिकल मैल (एक मैल म्हणजे १.८५ किलोमीटर), विमानाचा हवेतला वेग ४५० नॉट, म्हणजे ताशी तितके नॉटिकल मैल. हिवाळ्यात पश्चिमेचा ६० नॉट वारा समोरून आला की जमिनीच्या हिशेबात उरतात ३९०. दोन तासांचे दोन तास अठरा मिनिटं होतात आणि विमान हवेतून १,०४० मैलांच्या आसपास कापतं. मुंबईहून जाताना तोच वारा पाठीशी, तेव्हा पावणेदोन तासांत काम होतं. वेळापत्रकातला वेळ आणखी वेगळा. तो चाकाखालचे ठोकळे निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचा.

त्या जानेवारीतल्या संध्याकाळी सगळी बेरीज मी नीट केली होती. प्रवासाचं इंधन, त्यावर पाच टक्के, मुंबईत उतरता आलं नाही तर अहमदाबाद गाठण्यापुरतं, शेवटचं अर्ध्या तासाचं राखीव, वर मुंबईवर घिरट्या घालायला वीस मिनिटं. कोलकात्याहून कॅप्टनचा फोन आला.

"अजून आठशे किलो टाका."

"सर, मुंबईचं हवामान स्वच्छ आहे."

"हवामानाचं कोण बोलतंय? संध्याकाळची मुंबई आहे."

आठशे किलो म्हणजे आणखी वीस मिनिटं. अंतिम शब्द कॅप्टनचा, त्यामुळे टाकले. पण शेऱ्यात 'कॅप्टनच्या मागणीवरून' हे मी जरा ठळकच लिहिलं. कारण दर महिन्याला आमच्याकडे एक तक्ता फिरतो, कोणी किती जादा इंधन दिलं त्याचा. किती विमानं दुसरीकडे वळण्यापासून वाचली, असा रकाना त्यात नाही. तक्ता करणारा कधी रात्रपाळीला बसलेला नाही.

विमान नागपूरच्या पुढे आलं तेव्हा मुंबईत एका उड्डाणाला पक्षी आपटला आणि धावपट्टी तपासणीसाठी बंद झाली. तपासणी थोडक्यात आटोपली, पण मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते. वेळापत्रक घसरलं की रांग लागतेच. आमचं विमान ३४ मिनिटं फिरत राहिलं. दुसरी दोन विमानं अहमदाबादला गेली. मी पडद्यावर मिनिटाला चाळीस किलो वजा करत बसलो होतो. माझ्या आकड्यांवर आमचंही तिसरं असतं.

उतरल्यावर कॅप्टनचा फोन आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून हिशेब करतोय. आठशे किलो नुसते वाहून न्यायलाच पन्नास-साठ किलो जळतात. रोज टाकले तर महिन्याला दीड-पावणेदोन टन. एकदा अहमदाबादला जाऊन परत आणायचं तर त्याहून कितीतरी जास्त, शिवाय दीडशेच्या वर माणसं रात्री भलत्या गावात. पण असं महिन्यातून एकदा होतं की वर्षातून, यावर सगळं फिरतं. कॅप्टननी काही हिशेब केला नव्हता, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच फ्लाइटला मी वीस मिनिटंच टाकली. मग खोडून तीस केली. कारणाचा रकाना कोरा ठेवला, तर सिस्टीम पुढे जाऊ देईना. शेवटी 'वाहतूक' असं लिहिलं.