नवस फेडणाऱ्यांच्या मागे कॅमेरा घेऊन

‘श्रद्धा’ असा विषय घेऊन फोटो काढायला निघाले असते तर जन्म पुरला नसता. म्हणून मी नवस घेतला, तोही शक्यतो फेडण्याचा. मागणारा माणूस आपल्याच तंद्रीत असतो, त्याच्या तोंडापुढे लेन्स धरणं मला पटत नाही. फेडणाऱ्याच्या हातात मात्र काहीतरी असतं आणि बहुतेकदा सांगायची हौसही असते.

सुरुवात वांद्र्याच्या मोत माउलीपासून, म्हणजे माउंट मेरी चर्चपासून केली. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी तिची जत्रा भरते आणि आठवडाभर चालते. जत्रेच्या गर्दीत फोटो भरपूर मिळतात, पण सगळे एकसारखे. म्हणून जत्रा उरकल्यावर आडवारी सकाळी जायला लागले. चर्चजवळच्या स्टॉलवर मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही बाळं, छोटी घरं मांडलेली असतात. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, ते त्याने माउलीला वाहायचं. इथे मागतानाही मेण आणि फेडतानाही मेण, त्यामुळे माझा नियम पहिल्याच ठिकाणी मोडला. असो.

पहिले काही दिवस कॅमेरा पिशवीतच होता. स्टॉलवाल्या मावशींशी गप्पा झाल्या, मेणबत्त्या घेतल्या, मग हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, “माझा काढ, गिऱ्हाइकाचा त्याला विचारून.” परवानगीबद्दल एवढं नेमकं मला कुठल्या कार्यशाळेत कोणी सांगितलं नव्हतं. साच्यातून काढलेल्या मेणाच्या पायाला टाचेपाशी एक बारीक कंगोरा राहतो. मावशी बोलता बोलता तो नखाने खरवडून काढत होत्या. ५० मिमीची लेन्स, तिरपं ऊन, आणि बोटांच्या टोकांशी मेण आतून उजळलेलं. मालिकेतला पहिला फोटो तोच.

तो पाय घेतला एका मंगळसूत्रवालीने, सासूबाईंच्या गुडघ्यासाठी. मंगळवारी सिद्धिविनायक, बुधवारी माउली, असा तिचा आठवडा. तिच्या हातांचा फोटो काढला, स्क्रीनवर दाखवला, हो म्हणाली तेव्हा ठेवला.

माहीमला सूफी संत मखदूम अली माहिमींच्या उरुसात डिसेंबरमध्ये गेले. पहिली चादर मुंबई पोलिसांची असते, हे ऐकून होते. खाकी वर्दी आणि चादर एकाच चौकटीत, म्हणजे फोटो आपसूक होणारच. झालाही. पण तिथे सगळेच छायाचित्रकार तोच फोटो काढत होते, मी तो मालिकेत घेतला नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला अलिबागकडे. बेने इस्रायली मंडळी, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, कोकणात शतकानुशतकं राहिली. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आता बहुतेक कुटुंबं इस्रायलला किंवा मुंबई-ठाण्यात, पण नवस फेडायला माणसं गावाकडे येतात. नवस एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाचा. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, असं ते मानतात.

ओळखीतून एका घरचं मलिद्याचं, म्हणजे नवस फेडतानाच्या प्रार्थनेचं आणि प्रसादाचं, बोलावणं मिळवायला बरेच फोन झाले. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, तेव्हा कॅमेरा बंद, ही अट पहिल्या फोनवरच कळली. मलिदा अर्थातच दुसऱ्या वारी होता. भिजवलेले पोहे, गोड, भरपूर ओलं खोबरं, वेलची, ताटात त्याचा ढीग आणि भोवती फळं. प्रार्थना हिब्रूत, स्वयंपाकघरातली घाई मराठीत. “अगो, तो खोबऱ्याचा टोप कुठे ठेवलास?” हे वाक्य प्रार्थनेच्या ऐन मध्यात आलं आणि कोणीही मागे वळून पाहिलं नाही. मी कोपऱ्यात, फ्लॅश बंद, आयएसओ ३२००, शटर आवाज न करणाऱ्या मोडवर. प्रार्थना संपल्यावर घरच्या काकी म्हणाल्या, “आधी खाऊन घे, मग काय ते काढ.” ताट रिकामं होत गेलं, मुलं केळ्यांवर तुटून पडली, आणि चांगले फोटो तेव्हाच मिळाले.

खरी अडचण फोटो निवडताना आली. छोट्या प्रिंट काढून भिंतीवर लावल्या आणि एका जाणकाराला दाखवल्या. त्यांनी मलिद्याच्या फोटोवर बोट ठेवलं. म्हणाले, ही ज्यू माणसं आहेत हे दिसत नाही. टोपी दिसू दे, दाराच्या चौकटीवरचा मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची गुंडाळी ठेवलेली छोटी डबी, घे, नाहीतर हे कोकणातलं कुठलंही घर वाटतं.

मी म्हटलं, ते कोकणातलंच घर आहे.

त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. मेझुझा खरोखर त्या दारावर होता आणि येता-जाता माणसं त्याला हात लावून तो हात ओठांशी नेत होती. पण मलिद्याच्या ताटाभोवती तो कोणाच्या मनात नव्हता. ओळख पटावी म्हणून खुणा गोळा करायच्या, तर मंगळसूत्रवालीचं काय करणार? तिला मोत माउलीच्या चौकटीतून बाहेर काढणार? श्रद्धेवरच्या फोटोंत हे फार चालतं. माणूस एकाच रंगाचा दिसला की फोटो ‘वाचता’ येतो, मासिकं घेतात, स्पर्धेत निवड होते.

शेवटी मी फोटोओळींचा नियम ठरवला. हातात काय आहे, ते कुठे वाहिलं, कशासाठी. धर्माचं नाव माणसाने स्वतः सांगितलं असेल तरच. अलिबागच्या काकींनी सांगितलं होतं, तेही अभिमानाने, म्हणून त्यांच्या फोटोखाली ‘बेने इस्रायल’ आहे. वांद्र्याच्या बाईने सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. मेझुझाचा फोटो मालिकेत आहे, पण वेगळा, चौकट आणि तिच्याकडे गेलेली बोटं एवढाच.

ज्यांचे फोटो घेतले त्यांना प्रिंट पोचवल्या. यात पैसे आणि वेळ दोन्ही जातात. तरी ते करावंच, पुढच्या वर्षी त्याच दारात उभं राहायचं असतं.

ठाण्यात एका वाचनालयाच्या हॉलमध्ये हे फोटो लावले तेव्हा अलिबागचे एक आजोबा मलिद्याच्या ताटापाशी बराच वेळ थांबले. मला हाक मारून विचारलं, “गूळ घातला होता की साखर?” मला सांगता येईना, म्हणून त्यांच्यासमोरच काकींना फोन लावला.