सुराबाया: पोरींची व्हॉलीबॉल वर्ल्ड चॅम्पियनशिप, काळी आमटी आणि मराठा पलटण

इंडोनेशिया म्हटलं की आपल्याकडे लोक डायरेक्ट बाली धरतात, आणि सुट्टीचा अर्ज टाकला तेव्हा ऑफिसमध्येही तेच झालं, बीचचे फोटो टाक हां वगैरे. बाली नाही हो, सुराबाया. आणि बीच नाही, व्हॉलीबॉल. 21 वर्षांखालच्या मुलींची वर्ल्ड चॅम्पियनशिप 7 ते 17 ऑगस्ट 2025 तिथे होती. मी आणि माझी मैत्रीण दोघी युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये एकत्र खेळलेल्या, ती लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल वर लावून देणारी, मी मागे डिफेन्सला मरणारी. दोघींच्या घरचे म्हणाले की भारताची टीम तरी आहे का त्यात? नव्हती. मग कशाला जाताय? याचं उत्तर काय द्यायचं सांगा! राखीपौर्णिमा 9 तारखेला येत होती, भाऊ अजून त्यावरून टोमणे मारतोय.

डायरेक्ट फ्लाइट नाही, आम्ही मुंबईहून सिंगापूरमार्गे गेलो. व्हिसा ऑनलाइन मिळतो, पाच लाख रुपया. घाबरू नका, त्यांचा रुपया. आपल्या एका रुपयाला त्यांचे साधारण 185 येत होते, त्यामुळे एटीएममधून पैसे काढले की लखपती झाल्यासारखं वाटतं आणि दोन जेवणं झाली की खिसा परत हलका. जुआंडा एअरपोर्टवरून शहरात येताना ड्रायव्हरदादांना विचारलं की व्हॉलीबॉल बघता का, झालं, माणूस सुटलाच, मागे वळून वळून बोलायला लागला, आम्ही म्हणतोय अहो रस्त्याकडे बघा. अर्धं बोलणं फोनवरच्या ट्रान्सलेशनमधून चाललेलं पण मेगावती हे नाव बरोबर कळलं. मेगावती हांगेस्त्री, जेंबरची, म्हणजे याच पूर्व जावामधली मुलगी, हिजाब घालून खेळते आणि कोरियाच्या लीगमध्ये रेड स्पार्क्सकडून असे स्मॅश मारले की तिकडचे लोक तिला मेगाट्रॉन म्हणायला लागले. तिच्यामुळे घराघरात कोरियन लीग लावून बसायचे म्हणे. आपल्याकडे एखाद्या रिक्षावाल्या काकांना भारताच्या महिला व्हॉलीबॉल टीममधलं एक नाव विचारून बघा. जाऊ दे, मला तरी पटकन किती सांगता येतील.

मॅचेस जावा पोस अरेनाला. 24 टीम पहिल्यांदाच, आधी 16 असायच्या. सहा-सहाचे चार ग्रुप, त्यामुळे सकाळपासून रात्रीपर्यंत नुसत्या मॅचेस. ही स्पर्धा तशी जुनी आहे, 1977 ला ब्राझीलमध्ये पहिली झाली आणि साऊथ कोरियाने जिंकली होती. आता खरं सांगते, सकाळच्या मॅचेसला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असायच्या, आम्ही आरामात पाय पसरून बसायचो. पण इंडोनेशियाची मॅच असली की हॉलचा नूरच बदलायचा. आणि येणारं पब्लिक कोण, तर शाळेच्या मुली, कॉलेजची पोरं आणि बायका! हिजाबवाल्या काकू, मांडीवर पोर, हातात फुगवलेल्या प्लास्टिकच्या काठ्या, नुसता ठणाणा. आणि बघणाऱ्यांना गेम कळत होता हे मला फार आवडलं. स्मॅशला कोणीही ओरडतं, पण इथे लिबेरोने, म्हणजे फक्त मागे डिफेन्सला खेळणाऱ्या मुलीने, पडून बॉल वर काढला की स्मॅशपेक्षा मोठा आवाज यायचा. मी आयुष्यभर मागे लोळून बॉल काढले, कुणी टाळी वाजवल्याचं आठवत नाही, त्यामुळे मला थोडं भरूनच आलं म्हणा ना. शेजारच्या काकूंना कळलं की आम्ही खेळलोय तर त्यांनी स्वतःचा गुडघा दाखवला, ऑपरेशनचा व्रण, त्याही खेळायच्या. भाषा शून्य, पण गुडघ्यावर आमचं पंधरा मिनिटं बोलणं झालं.

ज्युनियर मॅचेस सीनियरपेक्षा जास्त बघाव्यात असं माझं मत आहे. सीनियर टीम मशीनसारख्या खेळतात, चेहऱ्यावर काही दिसत नाही. इथे पाच पॉइंटची लीड घेऊन बसलेली टीम एका खराब रिसिव्हमुळे घाबरते आणि पुढच्या तीन सर्व्हिस धडाधड जातात, कोच टाइमआउट घेऊन हातवारे करतोय, लिफ्टर रडकुंडीला आलीये, आणि तीच मुलगी पाच मिनिटांनी असा बॅकसेट, म्हणजे डोक्यावरून मागे बॉल, देते की समोरचे दोन ब्लॉकर भलतीकडेच उडी मारतात. जपानच्या मुली बघाच एकदा. उंचीने बाकीच्यांपेक्षा कमी, नेट सगळ्यांना सारखंच 2.24 मीटर, मग बॉल जमिनीवर पडूच द्यायचा नाही हा एकच हट्ट. एक एक रॅली इतकी लांबते की बघणाऱ्याला दम लागतो. मैत्रीण लगेच जपानवर फिदा, कप जपानच नेणार म्हणून मिसळीची पैज लावून मोकळी झाली. मी इटली म्हटलं, कारण इटलीचा ब्लॉक बघून माझं जुनं दुखणं जागं झालं, असल्या भिंतीवरून परत येणारे बॉल मीच तर उचलायचे!

पण त्या आठवड्यात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती व्हिएतनामची. त्यांनी यजमान इंडोनेशियाला हरवलं, सर्बियाला हरवलं, म्हणजे युरोपातल्या असल्या दणकट टीमला, सगळे बघतच राहिले, आणि बाद फेरी पक्की झाल्यावर 12 तारखेला आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल फेडरेशनचा निर्णय आला की त्यांनी नियमात न बसणारी खेळाडू खेळवली, म्हणून पहिल्या चारही मॅचेस हरल्या असं धरायचं. चारही! टीम डायरेक्ट 17 ते 24 नंबरच्या मॅचेसमध्ये. नियम म्हणून बरोबर असेल, आहेच, कागदपत्रं तपासायची जबाबदारी मोठ्या माणसांची असते. पण घाम गाळून मारलेले पॉइंट कोर्टवरच्या बाकीच्या पोरींचे पण होते ना. त्या नंतर खेळत राहिल्या, खालच्या नंबरांसाठी. हॉटेलवर आमचं यावरून रात्री भांडण झालं, मैत्रीण म्हणे नियम म्हणजे नियम, मी म्हटलं तू लिफ्टर ना, तुला काय कळणार.

मधे शहर पण फिरलो. खाण्याचं सांगते आधी. इथलं फेमस रावोन म्हणजे काळीकुट्ट आमटी, कुठल्याशा काळ्या बियांची, पण बीफची, त्यामुळे आमच्यासाठी नुसती बघायची. रुजाक चिंगुरमध्ये तर गायीचं नाक असतं. आम्ही जगलो ते तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू आणि पेचलवर. पेचल म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची तिखट-गोड पातळ चटणी, आपल्या सोलापुरी चटणीत गूळ-पाणी घातलं तर जवळपास पोचेल. सेमांगी पण खाल्लं, पाणथळ जागेतला चार पानांचा पाला आणि रताळ्याची चटणी, बायका पाठीवर बांधून विकायला आणतात आणि चमच्याऐवजी मोठा पापड देतात. त्या पापडानेच उचलून खायचं. मी दोनदा घेतलं.

शहराची निशाणी शार्क आणि मगर, दोघांची मारामारी चाललेला पुतळा प्राणीसंग्रहालयासमोर आहे, फोटो काढला, झालं. पण तुगु पाहलावान, म्हणजे वीर स्मारक, तिथे मात्र आमचा अर्धा दिवस गेला. खाली म्युझियम आहे, 1945 च्या लढाईचं. जपान हरल्यावर इंडोनेशियाने 17 ऑगस्टला स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि ऑक्टोबरच्या शेवटी ब्रिटिश फौज सुराबायात उतरली, जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायला आणि कैदी सोडवायला, पण लोकांना वाटलं की यांच्या मागून डच परत येणार. वाटणं चुकीचं नव्हतं. आता ही ब्रिटिश फौज कोण, तर ब्रिगेडियर मॅलबीची 49 वी इंडियन इन्फंट्री ब्रिगेड, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन! म्हणजे आपल्या सातारा-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातली पोरं, स्वतःचा देश पारतंत्र्यात, आणि दुसऱ्याच्या स्वातंत्र्याच्या लढाईत भलत्या बाजूला उभी. 30 ऑक्टोबरला मॅलबी मारला गेला, 10 नोव्हेंबरला इंग्रजांनी शहरावर मोठा हल्ला केला, तो दिवस तिकडे अजून वीर दिन म्हणून पाळतात. माझ्या आजोळच्या गावात दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. त्यातलं कोण कुठे गेलं होतं हे आम्ही कधी विचारलंच नाही.

त्यात स्वातंत्र्याला 80 वर्षं, सगळं शहर लाल-पांढरं. गल्लीच्या तोंडाला कमानी, पोत्यात पाय घालून शर्यती, दोरीला टांगलेला पापड हात न लावता खायची स्पर्धा. आम्हाला एका गल्लीत ओढूनच घेतलं, मैत्रीण पापडात हरली, एका सात-आठ वर्षांच्या पोराकडून.

फायनल 17 लाच होती, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, रविवारी. आम्ही मात्र तोपर्यंत घरी, सुट्टी संपलेली. 2009 ला मुलांची ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिप पुण्यात बालेवाडीला झाली होती आणि भारत चौथा आला होता, तेव्हा घरबसल्या मिळत होतं आणि आम्ही गेलो नाही, यावरून परतीच्या विमानात बरंच बोलून झालं. फायनलला कोण आलं असेल? इटली आणि जपान. 2019 ला मेक्सिकोत याच दोघी फायनलला होत्या आणि तेव्हा जपानने 3-2 ने मारली होती, म्हणून मैत्रीण सकाळपासून फुशारक्या मारत होती. इटलीने जिंकली, तिसऱ्यांदा, 2011 आणि 2021 नंतर. मिसळ अजून आलेली नाही. ती म्हणते पैज सुराबायात लावली होती, सुराबायातच वसूल कर.