मल्टिकास्ट पॅकेट नेमकं गेलं कुठे?

मल्टिकास्ट म्हणजे एकच पॅकेट ग्रुपमधल्या सगळ्यांना पाठवणं. पाठवणारं फंक्शन सेंडटू बाइट्सचा आकडा परत करतं, एरर नाही, तरी पलीकडे शुकशुकाट. त्या आकड्याला फार भाव देऊ नका. पॅकेट कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, हवाली झालं, एवढंच तो सांगतो.

पहिला संशय इंटरफेसवर, म्हणजे नेटवर्क कार्डावर. २३९.१.२.३ हा ग्रुपचा पत्ता. पॅकेट कुठल्या कार्डातून काढायचं हे त्यात कुठेच नसतं. लिनक्स रूटिंग टेबल बघतो. लागू पडणारा रूट नसेल, डीफॉल्टसुद्धा नसेल, तर 'नेटवर्क इज अनरीचेबल'. हे बरं, निदान ओरडतो तरी. विंडोज मेट्रिक (रूटच्या पसंतीक्रमाचा आकडा) बघून कार्ड निवडतं आणि व्हीपीएनचं किंवा व्हर्च्युअल मशीनचं ॲडॉप्टर असेल तर पॅकेट गुपचूप तिकडे जाऊ शकतं. मॅकवर 'नो रूट टू होस्ट' दिसलं की लगेच रूट खरडायला बसू नका: मॅकओएस १५ पासून ॲपला लोकल नेटवर्कची परवानगी नसली तरी हीच एरर येते. आधी प्रायव्हसी सेटिंग्ज.

उपाय एकच, सॉकेटला 'आयपी_मल्टिकास्ट_आयएफ' हा पर्याय लावून कार्डाचा आयपी पत्ता द्या. लिनक्सवर सॉकेट त्या पत्त्याला नुसता बाइंड केला तरी पॅकेट त्याच कार्डातून निघतं. म्हणूनच तिथे बिनबोभाट चालणारा कोड दुसरीकडे गंडतो. बाइंडच्या भरवशावर राहू नये.

मग टीटीएल, म्हणजे प्रत्येक राउटरवर एकाने घटणारा पॅकेटच्या आयुष्याचा आकडा. डीफॉल्ट १ असतो, म्हणजे पहिल्या राउटरलाच पॅकेट संपलं. तो ज्या व्हेरिएबलमधून देता त्याचा आकारही बघा: लिनक्स एक बाइट किंवा पूर्ण इंट, दोन्ही चालवून घेतो, विंडोजला चार बाइट द्या.

एकाच मशीनवर चाचणी करत असाल तर 'आयपी_मल्टिकास्ट_लूप', म्हणजे पाठवलेलं पॅकेट आपल्याच मशीनवर परत मिळू देणारा पर्याय, हमखास फसवतो. युनिक्स घराण्यात तो पाठवणाऱ्या सॉकेटवर लागू होतो, विंडोजवर घेणाऱ्या. पाठवणाऱ्या बाजूला बंद केलात तरी विंडोजवर स्वतःचीच पॅकेट परत येणार.

एवढं करून अडलंच, तर पाठवणाऱ्या मशीनच्या प्रत्येक कार्डावर पॅकेट टिपणारा टीसीपीडंप किंवा वायरशार्क वेगवेगळा लावा. पॅकेट योग्य कार्डावर, योग्य सोर्स पत्त्यासह दिसलं की कोडची सुटका झाली. यानंतरचा गुन्हेगार बहुधा स्विच. सुरुवातीला डेटा येतो आणि चारेक मिनिटांनी बंद पडतो, ही आयजीएमपी स्नूपिंगची (कुठल्या पोर्टावर ग्रुपचे सदस्य आहेत हे स्विच हेरतो, त्याची) खूण: नेटवर्कात क्वेरियर, म्हणजे सदस्यांची ठराविक वेळाने विचारपूस करणारा, नसला की मेंबरशिप ताजी होत नाही आणि डीफॉल्ट २६० सेकंदांनी स्विच तो पोर्ट यादीतून काढतो. राउटरवर किंवा स्विचवरच क्वेरियर चालू करा. स्नूपिंग बंद करूनही भागतं, पण मग सगळा ट्रॅफिक सगळ्या पोर्टांवर.