भेज्याला नकार, ब्लॅक पुडिंगला होकार

मँचेस्टरला राहायला आल्यापासून घरच्या फोनवर एक प्रश्न ठरलेला असतो : तिकडचे लोक वाट्टेल ते खातात म्हणे, खरे का? प्रत्यक्षात इथला सर्वसाधारण मांसाहारी माणूस आपल्याकडच्या मटण खाणाऱ्यापेक्षा कितीतरी सोवळा आहे. कोंबडीच्या छातीचे बिनहाडाचे तुकडे, डुकराच्या मांसाच्या चकत्या, गोमांसाचा खिमा आणि रविवारी एखादा मोठा भाजलेला तुकडा एवढ्यात त्याचा मांसाहार आटोपतो. कलेजी, गुर्दे, वजरी, जीभ किंवा भेजा यांची नावे काढली, तर एरवी अतिशय सभ्यपणे बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची शिसारी लपत नाही.

ही शिसारी मला सुरुवातीला चवीची वाटे. पण माझ्या कार्यालयातील एक सहकारी, जी कलेजीचा वासही सहन होत नाही असे सांगते, ती नाताळच्या मेजवानीत टोस्टवर पाते नावाचा वाटलेल्या मांसाचा लगदा थापून आवडीने खाते, आणि त्या पात्यात बहुतेक वेळा कलेजी असते. चांगल्या प्रतीच्या सॉसेजचे बाहेरचे आवरण मेंढीच्या किंवा डुकराच्या आतड्याचे असते, हेही तिला ठाऊक आहे. स्कॉटलंडमध्ये २५ जानेवारीला, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीला, बर्न्स नाइटला, जो हॅगिस वाजतगाजत टेबलावर आणला जातो, त्यात मेंढीचे हृदय, कलेजी आणि फुप्फुसे ओटच्या भरड्याबरोबर बारीक करून घातलेली असतात. (या फुप्फुसांमुळेच पारंपरिक हॅगिसला अमेरिकेने १९७१ पासून दार बंद केले आहे.) अवयव वाटून, मसाला घालून, त्याचा आकार पुसून टाकला की हरकत नसते, तोच अवयव त्याच्या मूळ रूपात ताटात आला की माणूस खुर्ची मागे सरकवतो. मला दिसलेला नियम साधारण एवढाच आहे, आणि या नियमाला भेजा हा एकमेव मोठा अपवाद आहे. त्याच्याकडे नंतर वळू.

मँचेस्टरहून ट्रामने जाता येईल अशा अंतरावर बरी नावाचे गाव आहे आणि तिथला बाजार ब्लॅक पुडिंगसाठी प्रसिद्ध आहे. डुकराचे रक्त, चरबीचे तुकडे, धान्य आणि मसाला एकत्र करून आतड्यात भरलेल्या या काळ्याभोर नळ्या गरम पाण्यातून काढून, उभ्या चिरून, वर मोहरीची चटणी घालून उभ्या उभ्या खायला देतात. गिऱ्हाइकांत तरुण मुले, पर्यटक, पोराबाळांसह आलेली कुटुंबे असे सगळे दिसतात. त्याच बाजारात वजरीही मिळते, पण तिच्यापुढे जवळजवळ सगळे केस पांढरे झालेले लोक असतात. ही वजरी आधीच साफ करून, शिजवून, रंग उडवून अगदी पांढरीशुभ्र केलेली असते. मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी तेवढी उरते आणि वास जवळपास नाहीसा होतो. एक आजी ती पुडीतूनच व्हिनेगर आणि मिरपूड टाकून थंडच खात होत्या. ती चाखल्यावर, इतके धुतल्यानंतर खाण्यासारखे उरले तरी काय, असा प्रश्न माझ्या मनात आला, पण आजींचे समाधान पाहून मी तो गिळला.

एकेकाळी लँकेशरभर, म्हणजे मँचेस्टरच्या या सगळ्या परिसरात, वजरीची दुकाने होती. कापडगिरण्यांत स्त्रियाही दिवसभर कामाला जात, त्यामुळे शिजवलेले, स्वस्त आणि पोटभरीचे काही तरी विकत मिळणे ही गरज होती, आणि वजरीने ती भागवली. युनायटेड कॅटल प्रॉडक्ट्स या कंपनीची केवळ दुकानेच नव्हेत, तर उपाहारगृहेही उत्तर इंग्लंडमधील शहरांतून चालत असत. दुसऱ्या महायुद्धात मार्च १९४० पासून मांसावर रेशनिंग आले, ते ४ जुलै १९५४ पर्यंत टिकले. त्यातील बहुतेक काळ कलेजी, गुर्दे, हृदय असे अवयव रेशनबाहेर होते, म्हणजे खाटकाकडे असले आणि रांगेत तुमचा नंबर लागला तर कूपन न देता मिळत. एवढी वर्षे जे नाइलाजाने खाल्ले, ते चांगले मांस परवडू लागल्यावर लोकांनी सोडले, यात नवल नाही. पुढच्या पिढीच्या मनातून ते उतरवण्याचे काम शाळांतील जेवणाने केले. आमच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ सांगतात, की कलेजीच्या दिवशी ते आपला तुकडा रुमालात गुंडाळून खिशात घालत आणि घरी जाताना एका ठरावीक कुत्र्याला देत. कलेजी जास्त शिजवली की कडक आणि कडवट होते, आणि शेकडो मुलांसाठी एकदम शिजवताना ती जास्तच शिजते. दोष कलेजीचा नव्हता, पण हे त्यांना आता पटवून देणे अशक्य आहे.

भेज्याची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे शिसारीच्या जोडीला खरीखुरी भीती आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये ब्रिटनमधील गुरांत एक नवा मेंदूचा रोग ओळखला गेला. लोक त्याला मॅड काऊ म्हणू लागले. मेलेल्या जनावरांचे मांस आणि हाडे यांची भुकटी गुरांच्याच खाद्यात मिसळली जात होती आणि त्यातून हा रोग कळपाकळपांत पसरला. याला कारणीभूत असलेले प्रिऑन हे प्रथिन साध्या शिजवण्याने नष्ट होत नाही आणि ते सर्वाधिक प्रमाणात मेंदूत आणि मज्जारज्जूत साठते. नोव्हेंबर १९८९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये गुरांचा मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा आणि आतडी माणसांच्या आहारात वापरण्यास बंदी आली. मात्र त्यानंतरही सरकार गोमांस सुरक्षित असल्याचे सांगत राहिले. मे १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीपुढे बर्गर धरला, ते दृश्य इथल्या पन्नाशीच्या पुढच्या लोकांना अजून आठवते. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत मान्य केले, की माणसांत दिसलेल्या नव्या प्रकारच्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या जीवघेण्या रोगाचा संबंध या गुरांच्या रोगाशी असण्याची सर्वाधिक शक्यता आहे. ब्रिटनमध्ये माणसांतल्या या रोगाने १७८ जण दगावले आणि एक लाख ऐंशी हजारांहून अधिक गुरांमध्ये मॅड काऊचे निदान झाले. १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये सहा महिने राहिलेल्या माणसाचे रक्त ऑस्ट्रेलिया २०२२ पर्यंत घेत नसे, एवढ्यावरून ही भीती किती लांबवर गेली होती ते कळावे.

आजही बारा महिन्यांवरच्या गुराचा आणि मेंढीचा मेंदू माणसांच्या खाण्यात येऊ दिला जात नाही. गुरे साधारणतः त्याहून मोठी झाल्यावरच कापली जात असल्याने गाईबैलांचा भेजा बाजारातून नाहीसाच झाला आहे. कोकरांचा मात्र कायद्याने मिळतो. मँचेस्टरमधल्या चीटम हिल किंवा रशोम भागातल्या हलाल खाटकाकडे आधी सांगून ठेवले, तर तो मुंडी फोडून भेजा अख्खा काढून देतो. घेणाऱ्यांत पाकिस्तानी, अरब, कुर्द अशी मंडळी असतात. या दुकानांच्या रांगेत गोरा चेहरा दिसलाच, तर तो बहुधा चॉप्स घ्यायला आलेला असतो.

त्याउलट, लंडनमध्ये स्मिथफील्डच्या मांसबाजाराजवळ फर्गस हेंडरसन यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या सेंट जॉन या रेस्तराँमध्ये भाजलेल्या नळीच्या हाडांतली मज्जा खायला लोक आगाऊ नोंदणी करून जातात. डोक्यापासून शेपटीपर्यंत जनावराचा प्रत्येक भाग वापरायचा, हे तिथले धोरण. गिरणीकामगाराची वजरी दारिद्र्याची खूण ठरते आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवरची मज्जा अभिरुचीची, हा दुटप्पीपणा मला खटकतो. तरी अशा ठिकाणांमुळे काही तरुण पुन्हा गुर्द्यांकडे वळले असतील, तर ते बरेच झाले. देशात खपत नसलेले अवयव, डुकरांचे पाय आणि डोकी चीनसारख्या देशांना जातात आणि बराच भाग मांजराकुत्र्यांच्या डब्यांत जातो.

लोकांना समजावून सांगितले तर ते खातील का, याचा शोध युद्धकाळात अमेरिकेत घेतला गेला होता. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने रेड क्रॉसच्या स्वयंसेवक गृहिणींचे सहा गट घेतले. तीन गटांना हृदय, गुर्दे आणि कोवळ्या जनावराच्या थायमस ग्रंथीचे पोषणमूल्य, बचत आणि पाककृती यांवर उत्तम व्याख्यान दिले. उरलेल्या तीन गटांत बायकांनी आपसांत चर्चा करून, शेवटी हात वर करून निर्णय घेतला. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी ३ टक्के स्त्रियांनी, तर चर्चा करणाऱ्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी यांपैकी एखादा पदार्थ घरी केलेला आढळला. जीवनसत्त्वांची यादी ऐकून कोणाची शिसारी जात नाही. चार ओळखीची माणसे समोर खाताना दिसली, की थोडी सैल होते. (जीवनसत्त्वांचे म्हणाल, तर कलेजीत अ जीवनसत्त्व इतके असते, की इथे गरोदर स्त्रियांना ती टाळण्याचाच सल्ला दिला जातो.)

याचा प्रत्यय आमच्याच घरी आला. वर उल्लेख केलेली सहकारी एका रविवारी जेवायला होती आणि आम्ही भेजा केला होता : थंड पाण्यात भिजवून, वरची रक्तवाहिन्यांची पातळ जाळी नखाने हळूच सोलून, हळद-मिठाच्या पाण्यात उकळून, मग कांदा, आले-लसूण आणि भरपूर मिरपूड घालून परतलेला. काय आहे ते तिला आधी सांगितले आणि आग्रह केला नाही. आम्ही चौघे पोळीशी खात राहिलो, मॅड काऊच्या वर्षांवर गप्पा झाल्या, कोकराचे वय आणि कायदा यांची तिने चौकशी केली, आणि मग स्वतःच्या हाताने चमचाभर वाढून घेतला. चव तिला आवडली, मऊपणा नाही. पुढच्या वेळी कलेजी करा, मी खाईन, असे ती म्हणाली. फक्त कच्ची असताना मला स्वयंपाकघरात बोलावू नका, असेही तिने जाताना बजावले.