चौथा कोपरा

२०२४-२५ च्या गाळप हंगामातली गोष्ट. वाळवा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा अर्ज आला. कारखान्याबाहेरच्या वजनकाट्यावर उसासकट १८,६४० किलो भरलेली ट्रॉली कारखान्यावर १८,५६० भरली होती. बाहेरचा काटा आम्ही आधी तपासला, तो बरोबर निघाला.

भरारी पथकात महसूल, पोलीस, साखर विभाग आणि आम्ही वैधमापनवाले, म्हणजे वजनमापं तपासणारे, असतो. वजन होऊन आत गेलेली गाडी परत त्याच काट्यावर घ्यायची आणि आकडा जुळला की पंचनामा करायचा, अशी पथकांची सवय. मला ती कधीच पटली नाही. चुकणारा काटा दोन्ही वेळा सारखाच चुकतो. म्हणून मी हट्टाने २० किलोची १०० प्रमाणित वजनं टेम्पोत घालून नेली.

वजनाचा आकडा दाखवणाऱ्या इंडिकेटरचं शिशाचं सील शाबूत होतं, पडताळणीचा शिक्काही त्याच वर्षाचा होता. मग हमालांनी दोन टन वजनं गाडी उभी राहते त्या प्लॅटफॉर्मच्या एकेका कोपऱ्यावर रचली. तीन कोपऱ्यांवर बरोबर २,००० आले. चौथ्यावर १,९६०. वजनं उतरवली, पुन्हा रचली, तरी १,९६०. वापरातल्या काट्याला एवढ्या भाराला १० किलोची सूट असते.

मी पालथा पडून बॅटरी मारली. प्लॅटफॉर्म आणि कडेचं काँक्रीट यांच्यामधल्या बोटभर फटीत पाचट, चिखल आणि उसाच्या काड्या दडपून बसल्या होत्या. वाळून दगडासारख्या झालेल्या. भाराचा काही हिस्सा खालच्या लोड सेलवर, म्हणजे वजन मोजणाऱ्या भागावर, न जाता परस्पर काँक्रीटवर उतरत होता. सळईने फट मोकळी केली. पाटीभर गाळ निघाला. पुन्हा वजनं ठेवली, तर २,०००.

कारखान्याचे अधिकारी म्हणाले, "बघा साहेब, आमच्या मनात काही नव्हतं." ते खरं असेलही. सॉफ्टवेअरमध्ये फेरफार सापडला नाही, सीलला कुणी हात लावला नव्हता. पण केनयार्डात, उसाच्या गाड्या उभ्या राहतात त्या आवारात, दिवसरात्र पाचट उडत असताना ती फट रोज साफ करणं कुणाच्याच कामात धरलेलं नव्हतं. त्याची मला अजून चीड येते.

तक्रारदार काका तोवर गप्प उभे होते. मग म्हणाले, "आता बरोबर आला, साहेब. पर आजपतूर गेलं त्याचं काय?"

त्या हंगामाची मूळ एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला ३४० रुपये. ४० किलोचे १३६ होतात. पण हा हिशेब प्रत्येक खेपेला लावता येत नाही. चाक कुठे टेकलं, गाळ किती घट्ट होता, त्यावर तूट कमीजास्त होणार. आणि फट कधी बुजली हे कुठल्याच नोंदीत नव्हतं. वर्षातून एकदा होणारी आमची पडताळणी फक्त त्या दिवसापुरतं सांगते.

मी काटा बंद ठेवायला लावला, चारही कोपरे पुन्हा तपासूनच सुरू करू दिला आणि नोटीस काढली. प्रत्येक पाळीला फट साफ करून वहीत नोंद करायची, काट्याचा आकडा बाहेर गाडीवाल्याला दिसेल असा लावायचा, असंही लिहिलं.

काकांनी बंडीच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या अकरा पावत्या काढल्या. "ह्या बी जोडा," म्हणाले. मी त्यांच्या झेरॉक्स पंचनाम्याला जोडल्या. त्यातल्या किती खेपा चौथा कोपरा अडल्यानंतरच्या होत्या, हे मला तेव्हा सांगता आलं नाही, आजही येत नाही.