सासूबाईंचे घड्याळजी पूर्वज

आजची सुट्टी सासूबाईंच्या खापरपणजोबांच्या मागावर गेली. घराणं इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं, धंदा घड्याळांचा. 1841 च्या जनगणनेत वय 25, 1851 मध्ये थेट 39! सासूबाई म्हणाल्या, हा दुसराच कुणीतरी. पण 1841 मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची पद्धत होती. 29 चे 25 झाले, हिशेब जुळला.

धंद्याच्या रकान्यात 'वॉच फिनिशर'. तेव्हा एकेक घड्याळ कितीतरी हातांतून जायचं. तबकडीवाला वेगळा, काटेवाला वेगळा, कवचवाला वेगळा. सगळं जुळवून घड्याळ चालतं करायचं काम फिनिशरचं. दुपारी चॅपलफील्ड्समध्ये, म्हणजे कॉव्हेंट्रीतल्या घड्याळजींच्या जुन्या वस्तीत, चक्कर मारली. तिथल्या जुन्या घरांना मागच्या बाजूने भल्यामोठ्या खिडक्या आहेत. बारीक काम, उजेड हवाच. (आमच्या फ्लॅटला मेली एक धड खिडकी नाही.)

आता या खापरपणजोबांच्या वडिलांचा उस्ताद शोधायचाय. शागिर्द ठेवताना उस्ताद जी रक्कम घ्यायचा त्यावर सरकारी कर होता, आणि त्याच्या 1710 ते 1811 च्या वह्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. उस्ताद करबुडवा नसला म्हणजे मिळवली!